उलयतली कोणाकडेन?

मावशीने चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, कागद हातभर लांब धरला आणि वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला. म्हापशाचं तिचं घर, डिसेंबरातली दुपार, जेवणं उरकलेली, तळलेल्या सुंगटांचा वास अजून स्वयंपाकघरात रेंगाळत होता. कागद माझा होता. ऑफिसातला आडवा लेजर पेपर, त्यावर महिन्यांचे बारा उभे रकाने आणि भाषांच्या चार आडव्या ओळी. जर्मन निळ्या शाईत, जपानी लाल, फारसी हिरव्या, पोर्तुगीज काळ्या. तो मी कुणाला दाखवायला म्हणून आणला नव्हता, पुस्तकातून घसरून पडला आणि तिने उचलला. "हें कितें?" तिने विचारलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षाचं वेळापत्रक आहे, अभ्यासाचं. "चारूय भासो एकाच वर्सांत?" मी मान डोलावली. तिने कागद जुन्याच घड्यांवर नीट दुमडला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आनी उलयतली कोणाकडेन?" म्हणजे, बोलणार कोणाशी?

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, टोमण्याला काहीतरी उलट बोलता येतं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि मी काही बोलायच्या आत ती उठून वाळत घातलेले पापड बघायला अंगणात गेलीसुद्धा. पुण्याला येणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये, आंबोलीच्या वळणांवर डोकं खिडकीवर आपटत असताना मी मनातल्या मनात तिला बरीच उत्तरं दिली. भाषा फक्त बोलायलाच असते का, वाचायला नसते का, मेंदूला व्यायाम होतो, वगैरे. एकही उत्तर माझं मलाच पटलं नाही. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत 'चाळिशीनंतर नवं काही शिका' छापाचे जे लेख येतात, त्यातली ती वाक्यं होती. मी काही मेंदूच्या व्यायामासाठी जपानी शिकत नाही. मेंदूच्या व्यायामाला माझ्याकडे जीएसटी आहे.

मी एका सीएंच्या ऑफिसात आहे, गेली कित्येक वर्षं. त्यामुळे आमचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, १ एप्रिलला सुरू होतं. माझ्या तक्त्यातही पहिला रकाना एप्रिलचा होता आणि शेवटचा मार्चचा, ज्यात मी काहीच लिहिलं नव्हतं, कारण मार्चमध्ये माणूस घरच्यांशी मराठीतसुद्धा धड बोलत नाही. ३१ जुलै म्हणजे रिटर्नं, ३० सप्टेंबर म्हणजे ऑडिट. जुलै ते सप्टेंबर या पट्ट्यात मी पेन्सिलने एक रेघ ओढून 'फक्त कार्डं' असं लिहून ठेवलं होतं. म्हणजे शब्द लिहिलेल्या कार्डांची उजळणी, नवीन काही नाही, जुनं विसरू नये एवढंच. लोकांना वाटतं भाषेच्या अभ्यासाचं नियोजन म्हणजे कोणतं पुस्तक, कोणतं ॲप, कोणता क्लास. माझ्या मते ते सगळं नंतर येतं. आधी आपल्या वर्षातले मेलेले आठवडे शोधून त्यांच्यावर काट मारायची. गौरी-गणपती, दोन लग्नं (दरवर्षी दोन असतातच), सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. उरेल ते वर्ष.

उरलेलं वर्ष मोजायला बसले तेव्हा मात्र घाम फुटला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट नावाची संस्था आहे, ती आपल्या अधिकाऱ्यांना परदेशी पाठवण्याआधी तिथली भाषा शिकवते. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून त्यांनी ठोकताळे बांधलेत: इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला कामापुरती भाषा यायला वर्गात किती तास बसावं लागतं याचे. पोर्तुगीज किंवा स्पॅनिशला ६०० ते ७५०. जर्मनला साधारण ९००. फारसीला ११००. आणि जपानीला २२००. हे नुसते वर्गातले तास, घरचा अभ्यास वेगळा. मी सवयीने बेरीज केली. चार भाषांचे, कमीत कमी धरले तरी, ४८०० तास. रोज दीड तास, एकही खाडा नाही असं धरलं तर वर्षाचे साडेपाचशेच्या आत. म्हणजे पावणेनऊ वर्षं. क्लायंटने असं प्रोजेक्शन आणलं असतं तर मी त्याला चहा पाजून परत पाठवला असता.

पण मी आकडे रोज बघणारी बाई आहे, आकडा कुणासाठी काढलाय हे आधी बघते. ते तास इंग्रजी बोलणाऱ्याचे आहेत. जपानीचे २२०० तास ज्या कारणांनी होतात, त्यातलं कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्रासारखी अक्षरं, हे कारण आम्हालाही तितकंच छळतं, त्यात सूट नाही. पण क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, विभक्तीचं शेपूट नामाच्या मागे लागतं, 'पुण्याला जाते' हे 'पुणे-ला जाते' याच क्रमाने म्हणायचं, हे ज्याला आयुष्यभर इंग्रजीची सवय त्याला जड जात असेल. मराठी माणूस तिथे दोन पायऱ्या वर उभा असतो. जपानीच्या वर्गात पहिल्या दिवशी सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षकांनी, 'काना' या जपानी अक्षरांचा तक्ता फळ्यावर टांगला तेव्हा मला हसूच आलं. आ, इ, उ, ए, ओ. मग क-ची ओळ, स-ची, त-ची, न-ची, आणि पुढे म, य, र, व. ही बाराखडी आहे! आणि तो योगायोग नाही. बौद्ध धर्माबरोबर सिद्धम् लिपी आणि संस्कृतचं ध्वनिशास्त्र जपानात पोचलं, त्या अभ्यासातून हा क्रम लागला. पहिलीत पाटीवर गिरवलेली ती ओळ चीनचा वळसा घालून परत माझ्यासमोर आली होती, जरा वेगळे कपडे घालून. माझ्या शेजारची आयटीतली मुलगी घाईघाईने फळ्याचा फोटो काढत होती. मला फोटोची गरज वाटली नाही.

स्पॅनिशही आधी तक्त्यात होती. ती काढली. जो भेटेल तो म्हणतो स्पॅनिश कर, सोपी आहे, अर्ध्या जगात चालते. सोपी आहे हे खरं, आणि तेच तिच्याविरुद्ध गेलं. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी एकाच वर्षी घरात घेतल्या की त्या एकमेकींच्या साड्या नेसायला लागतात. अनेक भाषा एकदम करणाऱ्यांनी पाळण्यासारखा मला माहीत असलेला एकच नियम म्हणजे भाषा जितक्या एकमेकींपासून लांब तितकं बरं. चार खंडांतल्या असतील तर उत्तम. तरीसुद्धा गडबड होतेच, पण ती गमतीशीर गडबड असते. सेन्सेई जपानीत काही विचारतात आणि माझ्या तोंडून 'हो' म्हणताना 'हाय'ऐवजी 'या' निघतं, जर्मनमधलं. 'आणि' म्हणायचं असेल तर 'उंड' पुढे धावतं. गंमत अशी की मराठी कधीच मध्ये येत नाही. इंग्रजीसुद्धा फार क्वचित. जणू डोक्यात 'परक्या' अशी पाटी लावलेली एकच खोली आहे आणि आल्यागेल्या सगळ्या तिथेच दाटीवाटीने उतरल्यात, हाक एकीला मारली की दुसरी दार उघडते. तिसरी-चौथी भाषा शिकणाऱ्यांवर काम करणाऱ्या अभ्यासकांनीही हे नोंदवून ठेवलंय, त्यामुळे मी निर्धास्त आहे. वय झालं म्हणून होतंय असं नाही.

तक्ता करण्याचं सुख काही औरच असतं, हे मान्य करायला हवं.

अप्पा बळवंत चौकात जाऊन चार वह्या आणायच्या, त्यातही जपानीला चौकटींची, कारण कांजी चौकटीत बसवावी लागते. दुकानदार 'कितवीला आहे?' विचारतो, त्याला 'नववीला' असं काहीतरी सांगून मोकळं व्हायचं. घरी येऊन वह्यांना खाकी कव्हरं घालायची. नव्या कागदाचा, डिंकाचा वास. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात नाव आणि भाषा. त्या संध्याकाळी मी चारही भाषा अस्खलित बोलत असते. मला कधी कधी वाटतं, नियोजनाची आवड असलेली माणसं पुढच्या आनंदावर उचल घेऊन जगतात आणि मग कामाला बसायची वेळ येते तेव्हा खातं रिकामं असतं. तरी मी तक्ते करायचं सोडणार नाही. अभ्यास कुणीही करतो.

आणि हा खेळ थोरामोठ्यांनीही खेळलेला आहे, एवढा तरी आधार आहे. विनोबा १९४२च्या आंदोलनात वेल्लोरच्या तुरुंगात होते तेव्हा त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषा एकदमच शिकायला घेतल्या. चार-चार कशाला, असं कुणीतरी विचारलं तेव्हा पाचवी नाही म्हणून, असं उत्तर त्यांनी दिल्याचं सांगतात. हे उत्तर मला अतिशय आवडतं, पण तुरुंगात कुणाची रिटर्नं भरायची नसतात हेही लक्षात घ्यायला हवं. माझ्या जवळचा वाटतो तो हाइनरिश श्लीमान. पुढे ट्रॉय खणून काढणारा म्हणून तो गाजला, पण १८४०च्या दशकात तो ॲमस्टरडॅममधल्या एका पेढीवर साधा कारकून होता. वर्षाला ८०० फ्रँक पगार, त्यातला निम्मा भाषांच्या अभ्यासावर. आधी इंग्रजी, मग फ्रेंच, मग डच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज. रशियन शिकायची ठरवली तेव्हा गावात शिक्षक मिळेना. मग हा मोठमोठ्याने रशियन उतारे पाठ म्हणायला लागला. पण समोर ऐकायला कुणीतरी असलं की प्रगती लवकर होईल असं त्याला वाटलं, म्हणून त्याने एका गरीब ज्यू माणसाला आठवड्याला चार फ्रँक देऊन रोज संध्याकाळी दोन तास समोर बसवलं. त्या माणसाला रशियनचं अक्षर कळत नव्हतं! तिथल्या घरांच्या तक्तपोशी इतक्या पातळ की खालचा आवाज वर आणि वरचा खाली. या पाठांतरामुळे श्लीमानला दोनदा बिऱ्हाड बदलावं लागलं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा श्लीमानचं कौतुक वाटलं होतं. आता माझं लक्ष त्या दुसऱ्या माणसाकडे जातं. रोज दोन तास, न कळणारी भाषा, समोर एक झपाटलेला कारकून. कंटाळत असेल का? डुलक्या काढत असेल का? की हळूहळू त्यालाही काही शब्द ओळखीचे वाटायला लागले असतील? श्लीमानच्या पुढच्या यशाचं श्रेय त्याला कुणी दिल्याचं माझ्या वाचनात नाही. पण मावशीचा प्रश्न श्लीमानला विचारला असता तर त्याच्याकडे उत्तर तयार होतं, भाड्याने आणलेलं का होईना.

जर्मनचं सांगायचं तर ती मी कॉलेजात असताना केली होती आणि लग्नानंतर सोडली होती. बरीच वर्षं सोडलेली भाषा परत उघडताना काय होतं, तर उन्हाळाभर बंद ठेवलेल्या घरातला नळ सोडल्यासारखं होतं. आधी नुसती हवा, मग खाकरल्यासारखा आवाज, मग तांबूस पाणी, आणि बराच वेळ वाहू दिल्यावर स्वच्छ. लेव्हल टेस्ट दिली, बी-वन या मधल्या पातळीच्या वीकेंड बॅचला बसवलं. मी गेले तेव्हा मनात आमच्या वेळच्या वर्गाचं चित्र होतं: कवितांची आवड असलेली चार मुलं, संशोधनासाठी शिकणारा एखादा प्राध्यापक, हौस म्हणून आलेल्या दोन बायका. प्रत्यक्षात वर्ग खचाखच भरलेला आणि हौशी असा एकच माणूस, तो म्हणजे मी. बाकीचे सगळे निघालेले होते. नर्सिंग झालेल्या मुली, इलेक्ट्रिशियन, एक हॉटेलातला कुक. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून तर लातूर-बीडकडची मुलंमुली 'आर्टिकल' आणि 'डाटिव्ह' हे जर्मन व्याकरणातले शब्द बसस्टॉपवर उभं राहून बोलताना दिसतात.

माझ्या शेजारी अंबाजोगाईची एक नर्स बसायची. शनिवारी नाइट ड्यूटी संपवून थेट वर्गात, डोळे लाल, डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. तिची वही मी कधी विसरणार नाही. पुल्लिंगी नामं निळ्या पेनाने, स्त्रीलिंगी लाल, नपुंसकलिंगी हिरव्या. प्रत्येक जर्मन शब्दाच्या डोक्यावर बारीक देवनागरीत उच्चार, आणि ज्या अक्षरावर जोर द्यायचा त्याखाली टिंब. पानाच्या मधोमध स्केलने ओढलेली रेघ, उजवीकडे मराठी अर्थ. जेवणाच्या धड्यात तिने चमचा निळा, काटा लाल आणि सुरी हिरवी लिहिली, तिन्हींकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "काकू, आपल्याकडं सुरी निदान बाई तरी हाय." वर्गात पहिल्यांदा मी इतकी हसले असेन. त्या वहीपुढे माझी चार शायांची वेळापत्रकं म्हणजे नटवेपणा होता. तिच्याकडे एकच भाषा होती आणि ती भाषा म्हणजे घरावरचं कर्ज, धाकट्या भावाची फी, आणि एक अख्खं आयुष्य होतं.

बी-वनच्या परीक्षेचे चार भाग असतात: वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं. ते वेगवेगळे देता येतात आणि प्रत्येकात शंभरपैकी साठ लागतात. वर्गाच्या भाषेत 'मॉड्यूल निघणं'. तिची तीन निघाली होती, 'ह्योरेन' म्हणजे ऐकण्याचं अडकलं होतं. पुढे नर्स म्हणून पूर्ण मान्यता हवी तर बी-टू ही वरची पातळीही करायची होती. एका शनिवारी तिने मला सरळ विचारलं, "तुम्हाला कशाला हवंय हे?" मी म्हटलं, आवडतं म्हणून. तिने भाकरीचा तुकडा मोडला, थोडा विचार केला आणि म्हणाली, "आवडतं म्हणून तर लईच भारी." तिला खरंच भारी वाटलं होतं, पण मी तो दिवस अवघडूनच काढला. तीस जणांच्या वर्गात एक जागा मी अडवली होती का? मग आम्ही ठरवलं, वर्ग सुटल्यावर बस येईपर्यंत मी तिला जर्मन बातम्या वाचून दाखवायच्या, आधी हळू, मग भराभर, मग फोनवर लावून रिक्षांच्या आवाजात. तिचे कान तयार होत गेले. माझी जीभही सुटली, हे मात्र मी तक्त्यात धरलं नव्हतं.

फारसीचं कारण सांगायला गेलं तर जरा वेडगळ वाटतं. भारत इतिहास संशोधक मंडळात एकदा नवऱ्याबरोबर गेले होते, तिथे आदिलशाही काळातला एक कागद बघितला. वर फारसी, खाली तोच मजकूर मोडीत. वरची फारसी उजवीकडून तिरकी उतरत आलेली, आणि खाली मोडीची दोरीवर टांगल्यासारखी ओळ. एका सरकारने दोन प्रकारच्या माणसांना एकच हुकूम दिलेला. मी तिथे उभी राहिले आणि मला कळेना की मला फक्त खालचा अर्धा कागद का वाचता यावा, तोही अडखळत. शिवाय आमच्या धंद्याचा अर्धा संसार तिकडूनच आलाय. जमा, खर्च, बाकी, वसूल, हिशेब. आणि जर्मनने सोललेल्या माणसाला फारसीत मोठा विसावा आहे, कारण तिथे लिंगच नाही. तो असो की ती, माणसाला एकच सर्वनाम. लिपी अवघड वाटते खरी, पण नस्तालिक हे तिचं वळण बघायलाच इतकं देखणं असतं की पाऊण तास गिरवून एकही शब्द नवा शिकला नाही तरी वेळ वाया गेल्यासारखं वाटत नाही.

एक काळ मी मनाशी असा सिद्धांत बांधला होता की ज्या भाषेच्या पलीकडे एखादा माणूस उभा नसतो ती वहीच्या तिसऱ्या पानावर मरते. जर्मनला अंबाजोगाईची मुलगी मिळाली. फारसीपलीकडे निदान तो कागद लिहिणारा कुणी मुनशी आहे. पण मग जपानी? जपानीपलीकडे कुणी नाही. माझा एकही जपानी माणसाशी परिचय नाही, जपानला जायचा बेत नाही, ऑफिसात जपानी क्लायंट नाही. तरी सकाळी साडेपाचला गॅसवर चहा ठेवला की हात आधी त्याच वहीकडे जातो. तेव्हा सिद्धांत बाद. काही भाषा कुणाशी तरी बोलायला असतात आणि एखादी अशी असते जिच्यात आपण गप्प बसलो तरी चालतं.

पोर्तुगीजकडे मात्र येताना पाय जरा अडखळतो. मावशीने मला तो प्रश्न विचारला तेव्हा ती स्वतः पोर्तुगीज शिकलेली आहे हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि ध्यानात असणं यात फरक असतो. गोवा १९ डिसेंबर १९६१ला मुक्त झाला तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची असेल. सकाळी मराठी शाळा, नंतर पुर्तुगेज शाळा. बाई हातावर पट्टी मारायच्या, कोकणीत बोललं तर आणखी एक. मग एका डिसेंबरात सगळं बदललं आणि दोन-चार वर्षांत ती भाषा रस्त्यावरून, कचेरीतून, दुकानाच्या पाट्यांवरून निघून गेली. मुक्ती झाली याचा तिला आनंदच आहे, तिचे थोरले काका आग्वादला कैदेत होते. पण शिकलेलं कुठे टाकायचं? तो प्रश्न विचारल्याच्या दुसऱ्या दिवशी ती फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती, मी तिला सहज विचारलं, शाळेतलं काही आठवतं का गं. तिने आठळीवरची नजर न काढता सुरू केलं: मिन्यु, दोउरु, मोंदेगु, तेजु, सादु, ग्वादियाना. पोर्तुगालच्या नद्या, उत्तरेकडून दक्षिणेकडे, एका दमात. त्यातली एकही तिने पाहिलेली नाही. मांडवीचा उगम कुठे हे मात्र शाळेत कुणी शिकवलं नाही, ते तिने हसत हसत सांगितलं.

मी ज्या ॲपवरून शिकत होते त्यावर ब्राझीलचे उच्चार आहेत. तिला ऐकवायला म्हणून मी मोठ्या तोऱ्यात 'बों जीआ' म्हटलं. तिने सुरी खाली ठेवली. "जीआ कितें? दीआ! बों दीआ!" आणि मग पुढचा अर्धा तास माझी शिकवणी. शब्दाच्या शेवटचा 'ओ' कसा गिळायचा, 'श' कुठे लावायचा, नाकातून कुठे जायचं. आवाज सुद्धा बदलला होता तिचा, जरा करडा, वर्गातल्या बाईंसारखा. पट्टी तेवढी नव्हती. आता दर बुधवारी रात्री नऊला फोन असतो. गोव्यात जमिनीचे, वाटणीचे जुने दस्त अजून पोर्तुगीजमध्येच पडून आहेत, वकील मंडळी ते भाषांतराला देतात आणि भाषांतरकाराची वाट बघतात. घराच्या वाटणीचा एक दस्त आमच्याही ट्रंकेत आहे. मी त्याचे फोटो काढून आणलेत. आठवड्याला एक परिच्छेद मी वाचते, ती ऐकते आणि अडवते. डोळ्यांना आता ते बारीक हस्ताक्षर झेपत नाही तिला, पण एकदा कानावर पडलं की वाक्य कुठे जाणार ते तिला माझ्याआधी कळतं. मागच्या बुधवारी आम्ही विहिरीवरच्या हक्कापर्यंत पोचलो. त्यात दोन्ही घरांना पाण्याचा सारखा हक्क आहे असं स्पष्ट लिहिलंय, आणि गेली चाळीस वर्षं शेजारच्या चुलत भावाशी ज्या कारणाने अबोला आहे ते कारणच या कागदावर टिकत नाही. मावशी बराच वेळ फोनवर काही बोलली नाही, मग म्हणाली, हें ताका सांगूं नाका.

तर तक्ता आता पुन्हा केलाय, एप्रिल तोंडावर आला म्हणून. जपानी सकाळी, रोज पाऊण तास, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी एन-फाइव्हची, म्हणजे जपानीच्या सगळ्यात खालच्या पातळीची परीक्षा. तीच परीक्षा जुलैतही असते, पण तेव्हा मी कुणाच्या तरी फॉर्म सिक्स्टीनमध्ये बुडालेली असेन. जुलै ते सप्टेंबर फक्त कार्डं. ती मी चिवड्याच्या खोक्यात पाच कप्पे करून ठेवलीत. बरोबर आलेलं कार्ड मागच्या कप्प्यात, चुकलेलं पहिल्यात, म्हणजे जे पक्कं आहे ते उशिरा समोर येतं आणि जे कच्चं आहे ते रोज. ही पद्धत सेबास्टियान लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७०च्या दशकात लोकप्रिय केली. आजची बरीच ॲपं आतून असंच काहीसं करतात, पण मला खोका बरा वाटतो, खोक्याला नोटिफिकेशन येत नाही. पोर्तुगीज बुधवारी. फारसीला ऑक्टोबरपर्यंत हात लावायचा नाही असं ठरवलंय, पण परवाच रात्री अलिफ-बे गिरवताना नवऱ्याने पकडलं. जर्मन शनिवार-रविवार.

जर्मनमधलीच एक अडचण अजून सुटलेली नाही. अंबाजोगाईच्या मुलीचं ह्योरेन निघालं, चौऱ्याहत्तर पडले, आणि ती बी-टूच्या रोजच्या बॅचला गेली. आता बोलण्याच्या भागाच्या सरावाला मला जोडीदार नाही. नव्या बॅचमध्ये सोलापूरचा एक इलेक्ट्रिशियन आलाय. आर्टिकलं धादांत चुकवतो, सगळ्या जगाला स्त्रीलिंगी 'डी' लावतो, पण बोलायला अजिबात घाबरत नाही. येत्या शनिवारी लवकर जाऊन त्याच्या शेजारची जागा धरायची आहे.